चोरीची जबाबदारी कोणाची? एकोणिसाव्या शतकात दख्खनचे पोलीस कसे घडले

पेशवाईच्या अखेरच्या काळात पुणे प्रांतातल्या एखाद्या गावात रात्री घर फुटले, तर चोर कोण हे कळण्याआधीच एक गोष्ट ठरलेली असे, ती म्हणजे गेलेल्या मालाबद्दल गावाला जाब द्यावा लागणार. पाटील गावच्या जागल्याला बोलावून घेई. हा जागल्या बहुधा रामोशी, भिल्ल, कोळी किंवा महार असे, आणि गावात कोण कसा आहे, कोणाची ऊठबस कोणाकडे आहे, बाहेरचा कोण येऊन राहिला आहे, हे ठाऊक असणे हाच त्याच्या चाकरीचा भाग होता. पावलांचे ठसे पाहत तो माग काढीत निघे. माग शिवेपर्यंत गेला की पलीकडच्या गावच्या जागल्याला तो ठसे दाखवी, चोर तुमच्या हद्दीत शिरला हे त्याला पटवून देई, आणि ते एकदा पटले की पहिल्या गावाच्या डोक्यावरचा भार उतरून दुसऱ्या गावावर जाई. असा माग गावोगाव सरकत ज्या हद्दीत नाहीसा होईल, त्या गावाने मालाची भरपाई करायची. आधी जागल्याने ऐपतीप्रमाणे द्यायचे, आणि उरलेल्या रकमेसाठी गावावर पट्टी बसायची.

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत बारकाईने नोंदवलेली आहे. गावाला चोरी रोखणेही शक्य नसेल आणि नुकसान भरून देण्याची ऐपतही नसेल, तरी त्याच्याकडून भरपाई मागणे उघडच अन्यायाचे आहे, असे त्याने म्हटले. पण पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होत असे आणि काही ना काही दंड मात्र बहुतेक वेळा बसत असे, हेही त्याने सांगितले. पाटलाने किंवा जागल्याने हयगय केली, चोराशी संधान बांधले, तर त्याचे वतन जवळच्या नातेवाइकाकडे जाऊ शकत असे. म्हणजे सरकार स्वतः चोर शोधत नव्हते. चोर शोधण्याची गरज कोणाला वाटावी, एवढेच ते ठरवत होते.

या व्यवस्थेबद्दल हळवे होण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे पैसा होता तो खुनातूनही सुटत असे, आणि दुसऱ्या बाजीरावाने महालांचे मक्ते लिलावाने द्यायला सुरुवात केल्यावर मक्तेदाराच्या दृष्टीने न्याय ही सुद्धा एक वसुलीच झाली. पुणे शहरात कोतवाली होती. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडलेल्या माणसाला ती अडकवून ठेवी. १७७७ मध्ये कोतवाल झालेल्या घाशीरामाच्या कारभाराचा शेवट १७९१ मध्ये कसा झाला, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. त्याने कोंडून ठेवलेले परगावचे ब्राह्मण गुदमरून मेले आणि संतापलेल्या जमावाने दगडांनी त्याचा जीव घेतला. अनियंत्रित अधिकाराचे दुखणे इंग्रजांनी आणलेले नव्हते.

त्या काळी इंग्लंडातही पोलीस नावाचे खाते जवळपास नव्हतेच. तेथे १२८५ च्या कायद्याने लुटीची भरपाई त्या त्या परगण्याच्या रहिवाशांवर टाकलेली होती, आणि हे तत्त्व आपल्या गावपट्टीपेक्षा फारसे वेगळे नव्हते. चोराला पकडून कोर्टात उभे करणे हे ज्याची चोरी झाली त्याचेच काम होते, आणि बक्षिसासाठी चोर पकडून देणारे लोक त्यावर धंदा करीत. पकडले जाण्याची शक्यता कमी म्हणून शिक्षा भयंकर ठेवायची, हा त्यावरचा उपाय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी सांगितलेली होती. ही दिशा बदलली ती १८२९ मध्ये. त्या वर्षी गृहमंत्री रॉबर्ट पील याने लंडनसाठी पगारी, गणवेशधारी, ठरलेल्या वाटेने रात्रंदिवस गस्त घालणारे पोलीस उभे केले. शिक्षेची जरब बसवण्यापेक्षा शिपाई सतत नजरेसमोर दिसला म्हणजे गुन्हा टळेल, ही त्यामागची कल्पना होती.

दख्खनमध्ये मात्र लंडनची कल्पना आली नाही. आधी जुनेच यंत्र नव्या धन्याच्या हाताखाली चालवून पाहण्यात आले. १८२७ च्या बाराव्या रेग्युलेशनने कलेक्टर हाच मॅजिस्ट्रेट, त्याच्या हाताखाली मामलेदार आणि गावात पाटील, अशी पोलिसांची उतरंड कायद्यात बसवली. कागदावर फारसे बदलले नव्हते, पण ज्या गोष्टींच्या आधारावर जुनी रचना उभी होती त्या एकेक करून खिळखिळ्या झाल्या. किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, पिढ्यान्‌पिढ्या पहाऱ्यावर असलेल्या रामोशांचे हक्क गेले, आणि रखवालीचा मोबदला मिळण्याची खात्री उरली नाही. ज्यांना चोरांच्या वाटा माहीत होत्या, तेच लोक रिकामे झाले.

उमाजी नाईक हे या काळाचे सर्वांत ठळक नाव. पुरंदरच्या पायथ्याच्या भिवडीचा हा रामोशी १८२० च्या दशकात सरकारला इतका भारी पडला की त्याला पकडता येईना तेव्हा सरकारने त्याला माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामावर घेतले. तो पुन्हा उलटला, पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी गेला. काहींना तो क्रांतिकारक वाटतो. त्या वेळच्या सरकारी कागदांत तो दरोडेखोर आहे. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: बंडखोराला नोकरी देणे ही सरकारची त्या वेळची नेहमीची रीत होती. खानदेशात १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली ती याच विचाराने. सातपुड्यात भिल्लांचा पाठलाग करून थकलेल्या सरकारने भिल्लांनाच कवायत शिकवून पगार सुरू केला आणि तो प्रयोग यशस्वी झाला.

खरे वळण आले ते सिंधमार्गे. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि तेथे पोलीस उभे करताना लंडनचा नव्हे तर आयर्लंडचा नमुना घेतला. या दोन नमुन्यांतला फरक समजला की आपल्याकडच्या पोलिसांचे बरेचसे कोडे उलगडते. लंडनचा शिपाई निःशस्त्र होता आणि वस्तीत फिरत असे. आयर्लंडचा शिपाई बंदूकधारी होता, बराकीत राहत असे, त्याची नेमणूक मुद्दाम त्याच्या स्वतःच्या परगण्याबाहेर होई, आणि त्याला हुकूम येत ते थेट राजधानीतून. पहिल्याला शहरात शांतता राखायची होती, तर दुसऱ्याला नाखूश प्रजेवर लक्ष ठेवायचे होते. पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला, मुंबई सरकारला तेथील व्यवस्था पसंत पडली आणि १८५३ पासून इलाख्यातल्या जिल्ह्यांत पोलिसांसाठी वेगळा सुपरिंटेंडेंट आणि तालुक्याला मामलेदाराच्या जोडीला स्वतंत्र पोलीस अंमलदार आला. १८५७ नंतर पोलीस कमिशन बसून १८६१ चा पाचवा कायदा झाला, तो बहुतेक हिंदुस्थानाला लागला. मुंबई इलाख्याने मात्र १८६७ मध्ये जिल्हा पोलिसांचा आणि गावपोलिसांचा असे आपले दोन वेगळे कायदे केले. सुपरिंटेंडेंटवर देखरेख जिल्हा मॅजिस्ट्रेटचीच राहिली. वसुली, न्याय आणि पोलीस यांची फारकत झाली असे पुस्तकांत वाचायला मिळते, ते अर्धेच खरे आहे.

मुंबई शहराची गोष्ट निराळी होती. तेथे बंदर होते, गोदामे होती, देशोदेशींचे खलाशी होते, आणि शिवेवर जाऊन माग दाखवण्याचा प्रश्नच नव्हता. १८५० च्या दशकात तेथील पोलिसांची सूत्रे चार्ल्स फॉर्जेट याच्याकडे आली. हिंदुस्थानातच वाढल्यामुळे येथील भाषा त्याला अवगत होत्या आणि वेषांतर करून तो वस्त्यांतून फिरत असे. १८५७ च्या दिवाळीच्या सुमारास शहरातले काही शिपाई उठाव करणार अशी कुणकुण त्याला लागली, परंतु आपले शिपाई असे काही करतील हे पलटणीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना मान्य होईना. ज्या गंगाप्रसादाच्या घरी बैठका होत, त्याला फॉर्जेटने आधी आपल्या कह्यात घेतले. मग शेजारच्या खोलीत भिंतीच्या भोकांना डोळा लावून तो स्वतः बसला आणि एका लष्करी अधिकाऱ्यालाही त्याने सोबत नेऊन बसवले. आपल्याच हाताखालची माणसे समोर पाहिल्यावर त्या अधिकाऱ्याला बोलायला जागा उरली नाही. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी देण्यात आले. गुप्त खबर, फितवलेला साक्षीदार आणि स्वतः डोळ्यांनी पाहिलेला पुरावा, ही त्या पुढच्या काळातल्या शहरी तपासाची हत्यारे या एका प्रसंगात एकत्र दिसतात.

आता फिर्यादीच्या बाजूने पाहू. १८६२ च्या १ जानेवारीपासून भारतीय दंड संहिता लागू झाली आणि त्याच सुमारास फौजदारी कामाच्या पद्धतीचा कायदाही आला. त्यामुळे चोरी झालेल्या माणसाचे स्थान मुळातच बदलले. पूर्वी तो पाटलाकडे जाऊन माल किंवा भरपाई मागत असे, आणि चोराला काय शिक्षा होते हा त्याच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. आता त्याने ठाण्यात जायचे, हकिकत सांगायची, ती लिहून घेतली जायची, आणि तेथून पुढे खटला सरकारचा व्हायचा. तो फिर्यादी म्हणवला जाई, पण व्यवहारात साक्षीदार होई. माल सापडला तरी तो मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या ताब्यात. सापडला नाही तर भरून देणारे कोणी नाही. गुन्हा नक्की कशाला म्हणायचे हेही काटेकोर ठरले. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली तर तो दरोडा. चौघांनी केली तर दरोडा नाही. हद्दीचा प्रश्न मात्र नव्या रचनेतही शिल्लक राहिला. फरक एवढाच की पूर्वी हद्दीवरून जागले वाद घालीत, नंतर ठाणी घालू लागली. गुन्हा कोठेही घडलेला असो, तो शून्य क्रमांकाने नोंदवून घेतलाच पाहिजे, हे कायद्यात लिहायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

नव्या कायद्यांत एक विलक्षण गोष्ट आहे आणि ती सावकाश समजून घेण्यासारखी आहे. सरकारने गुन्ह्याचा तपास पोलिसांच्या हाती दिला, पण पोलिसांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. मद्रास इलाख्यात वसुलीसाठी आणि कबुलीसाठी लोकांचा छळ होतो का, हे पाहण्यासाठी नेमलेल्या कमिशनने १८५५ मध्ये होय असे उत्तर दिले होते. त्यानंतर आलेल्या १८६१ च्या फौजदारी पद्धतीच्या कायद्यात आणि मग १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असे कलम आले की पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना इतर कोणापुढे दिलेली कबुलीही मॅजिस्ट्रेट समक्ष हजर असल्याखेरीज चालणार नाही. मात्र सत्ताविसाव्या कलमाने एक फट ठेवली: आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या सापडण्याशी निगडित असलेला जबाबाचा तेवढाच भाग चालेल. समजा आरोपी म्हणाला, ‘मी त्याला कोयत्याने मारले आणि कोयता मळ्याच्या विहिरीत टाकला,’ आणि विहिरीत कोयता सापडला. कोयता विहिरीत टाकला हे वाक्य कोर्ट ऐकून घेईल. मारले हे नाही.

या एका कलमाने तपासाची रीत घडवली. कबुली चालत नाही, पण कबुलीतून निघालेली वस्तू चालते, म्हणून ती वस्तू निघताना पाहणारे बाहेरचे लोक हवेत. झडतीच्या वेळी त्याच भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत सांगितलेले आहे. आपल्याकडे पंच आणि पंचनामा यांना तपासात जे महत्त्व आहे, ते अशा तरतुदींमुळे. जुन्या पंचांना निवाडा करण्याचा अधिकार होता. नव्या पंचांच्या वाट्याला सही आली. आणि त्या फटीचा उपयोग मारहाण करून वस्तू ‘काढून देण्यासाठी’ होत राहिला, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद, कलमाचा क्रमांक बदलून, कायम आहे.

एकोणिसाव्या शतकात गुन्हे वाढले की कमी झाले, असे विचारले जाते. या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देण्याचा मोह टाळलेला बरा. पूर्वीच्या चोऱ्या गावातच मिटत आणि कोठे लिहिल्या जात नसत. ठाण्यात वही आल्यावर त्या दिसू लागल्या. शिवाय जी कामे पूर्वी गुन्हा नव्हती, ती गुन्हा झाली. १८७८ या एकाच वर्षी भारतीय वन कायदा, मुंबईचा अबकारी कायदा आणि हत्यारांचा कायदा असे तीन कायदे झाले. डांगात किंवा अक्राणीत राहणाऱ्या माणसाने राखीव जंगलातून लाकूड आणले, घरी मोहाची दारू गाळली, ठासणीची बंदूक बाळगली, की तो आता गुन्हेगार होता. मोहाच्या फुलांसाठी तर १८९२ मध्ये आणखी एक स्वतंत्र कायदा झाला.

जमिनीच्या आणि कर्जाच्या बाबतीतही तेच झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरले. लोकांना सावकाराचा जीव नको होता. हवी होती ती खते, रोखे आणि हुकूमनामे, आणि ती हाती लागताच जाळली जात. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेनऊशे लोकांना अटक झाली आणि त्यांपैकी सुमारे पाचशेंना शिक्षा झाली. कागदाच्या जोरावर कर्ज वसूल करणारे कोर्ट आणि त्या कोर्टाचा हुकूम बजावायला येणारा शिपाई यांच्याकडे गावाने कसे पाहिले, हे यावरून उमगते.

गावाची सामूहिक जबाबदारी अन्यायाची आहे असे एल्फिन्स्टनने लिहिले होते, ते तत्त्व इंग्रज सरकारने शतकाच्या उत्तरार्धात दोन वेगळ्या वाटांनी स्वतःच परत आणले. पहिली वाट म्हणजे शिक्षेदाखल जादा पोलीस. एखादे गाव किंवा शहर दंगेखोर ठरले की तेथे जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करायचा, अशी सोय कायद्यातच होती. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, त्यानंतर असे पोलीस पुण्यावर बसले. मारणारे कोण हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, आणि खर्च मात्र सगळ्या शहराच्या माथी आला. मारेकरी सापडेनात, म्हणून वीस हजार रुपयांचे बक्षीस लावण्यात आले, आणि मुंबई पोलिसांतील ब्रुइन याने खबऱ्यांच्या मार्फत दामोदर चाफेकरांपर्यंत माग नेला. त्याच सुमारास नातू बंधूंना खटला न चालवता अटकेत ठेवले गेले, तेही १८२७ च्या एका रेग्युलेशनच्या आधारे, जे सत्तर वर्षे दप्तरात जिवंत राहिले होते.

दुसरी वाट अधिक क्रूर होती. १८७१ च्या कायद्याने एखादी संपूर्ण जमात जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ठरवलेल्या जमातीतल्या माणसांची नोंद करायची, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्याशिवाय ठरवलेल्या जागेबाहेर जायचे नाही. आणि जमातीला गुन्हेगार ठरवण्याच्या निर्णयाला कोर्टात आव्हान नाही. सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला, आणि पारधी, कैकाडी, बेरड अशा कितीतरी जमाती त्याच्या कचाट्यात आल्या. ज्या रामोशांच्या हाती एकेकाळी गावाची राखण होती, त्यांच्यावरही हा शिक्का बसला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच कायद्याची. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यानंतर पाच वर्षांनी.

जमातीवर संशय घेणे सोपे होते, कारण एकटा माणूस ओळखणे अवघड होते. नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा पकडला गेलेला माणूस तोच आहे हे सिद्ध कसे करायचे? बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका कंत्राटावर हाताचा ठसा घेतला होता. पुढे एडवर्ड हेन्री याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांची अशी वर्गवारी बसवली की हजारो कागदांतून हवा तो ठसा काढता येऊ लागला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचा विभाग सुरू झाला, आणि लंडनच्या पोलिसांनी ही पद्धत १९०१ मध्ये उचलली. इंग्लंडकडून आपल्याकडे आलेल्या पोलिसी गोष्टींची यादी मोठी आहे. उलट दिशेने गेलेली ही त्यांतली महत्त्वाची.

आता राहिला तो साधा शिपाई. १९०२-०३ मध्ये अँड्र्यू फ्रेझर याच्या अध्यक्षतेखालच्या कमिशनने सगळ्या प्रांतांतून साक्षी घेतल्या आणि पोलीस अकार्यक्षम, नीट प्रशिक्षण नसलेले, भ्रष्ट आणि जुलमी असल्याचे आपल्या अहवालात स्पष्ट शब्दांत लिहिले. गावच्या मुखियाची पोलिसी जबाबदारी मान्य करून ती पार पाडून घ्यावी, अशी शिफारसही त्याने केली. जागल्याला बलुते होते, वतन होते, गावात मान नसला तरी जागा होती. ठाण्याच्या शिपायाकडे त्यांतले काही नव्हते. तो परक्या गावात, घरापासून दूर, तुटपुंज्या पगारावर राहत होता, आणि पाटील, जागल्या व गाव यांच्याकडून काढून घेतलेली सगळी जबाबदारी शेवटी त्याच्यावर येऊन पडली होती. त्याचा पगार दरमहा निदान आठ रुपये तरी असावा, असे कमिशनने सुचवले.